पांढऱ्या रानातले ओले झुडूप

एका डोंगराच्या पोटाशी दाट जंगल होते आणि त्या जंगलात चितळांचा एक कळप राहत असे. मुलांनो, चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेले हरीण. या कळपात वीस-बावीस जण होते, पण आपली गोष्ट त्यांतल्या एका हरिणीची आहे. तिला सगळे 'संशयी' म्हणत. समोर म्हणत, पाठीमागे म्हणत आणि हसत हसत म्हणत. तीही ऐकून घेई. का, ते सांगतो.

त्या हरिणीला एक खोड होती. रोज सकाळी कळप चरायला निघाला, की ही मोकळ्या जागेच्या कडेला थांबे आणि तिथल्या एकेका वस्तूकडे नीट पाही. वारूळ पाही, मोठा धोंडा पाही, वठलेले खोड पाही. मगच पाऊल पुढे टाकी. "अगं, काल होतं तेच वारूळ आहे ते! रात्रीतून त्याला पाय फुटले का?" असे म्हणून बाकीच्या हरिणी खिदळत. त्यांना हसायला काय जात होते! मागच्या हिवाळ्यात याच वारुळाच्या आड बिबट्या दबा धरून बसला होता, आणि 'रोजचेच तर वारूळ' म्हणून हिने तिकडे पाहिले नव्हते. त्या दिवशी तिचे पाडस गेले. तेव्हापासून ती पाही. तिच्या मनात काय होते ते कुणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

या वर्षी तिला पुन्हा पाडस झाले. पण झाले ते भलत्या वेळी, ऐन पौषात. पाय काटकुळे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि थंडी तर अशी पडलेली की पहाटे गवतावरचे दव गोठून सगळे रान पांढरे होई. त्या पांढऱ्या थराला दहिवर म्हणतात. सकाळी ते पाडस आईच्या पोटाशी असे थरथरे, की बघणाऱ्याला भरून यावे. आईचे दूध होते, पण नुसत्या दुधाने ऊब पुरत नव्हती. त्याला हवे होते ऊन, आणि तेही उगवतीचे.

त्या दरीत सकाळचे ऊन सगळीकडे येत नसे. डोंगराची सावली दुपारपर्यंत हटायची नाही. फक्त ती मोकळी जागा, एक गवताळ पट्टी, पूर्वेला तोंड केलेली होती, तिथे सूर्य उगवला की लगेच ऊन पडे. सगळा कळप तिथे जाई, आणि पाडसही तिथे गेले की तासाभरात कान हलवू लागे, उड्या मारू लागे. ती पट्टी म्हणजे त्या पाडसाचा जीव होता, एवढे तुम्ही लक्षात ठेवा.

आता एके दिवशी काय झाले? सकाळी कळप पट्टीच्या कडेला आला आणि थबकला. पट्टीच्या टोकाला एक नवे झुडूप उभे होते. काल तिथे काहीच नव्हते!

ते झुडूप नव्हतेच. ते लहानू शिकाऱ्याचे लपण होते. चार बांबू, गवताचा तट्टा आणि त्यावर खोचलेल्या हिरव्या फांद्या. घडी घालून काखेत मारावे, हवे तिथे नेऊन उभे करावे आणि आत बसावे. बाहेरून बघणाऱ्याला झुडूपच वाटे. लहानू शिकाऱ्याचा बाप असेच लपण वापरी, आणि त्याने मुलाला एक गोष्ट पक्की शिकवली होती: लपण उभे केले की लगेच आत बसायचे नाही. आठ दिवस ते रिकामे ठेवायचे. हरणांना ते रोज दिसू द्यायचे. त्यांची नजर मेली, की मग बसायचे.

कळपाचा म्होरक्या एक शिंगाळा नर होता. अंगाने दांडगा आणि स्वभावाने थोडा ताठ. त्याने नाकपुड्या फुलवल्या, पाय आपटला आणि सगळ्यांना मागे वळवले. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवस कळप सावलीत कुडकुडला. संशयी हरिणीचे पाडस तर दुसऱ्या दिवशी उठेना. तिने त्याला चाटून चाटून उभे केले.

तिसऱ्या दिवशी वानराला राहवले नाही. हा वानर पट्टीच्या कडेच्या बेहड्याच्या झाडावर राही आणि धोका दिसला की वरून ओरडून कळपाला सावध करी. तो खाली उतरला, झुडपावर चढला, वर बसून दोनदा उड्या मारल्या, आत डोकावला आणि ओरडला, "अहो, रिकामं आहे! आत उंदीरसुद्धा नाही!"

"नक्की?" म्होरक्याने विचारले.

"नक्की म्हणजे काय? वर बसून नाचलो मी!"

झाले. कळप उन्हात गेला. संशयी हरिणीही गेली, पण रोजच्या तीन वस्तूंत आता तिने चौथी घेतली. वारूळ, धोंडा, खोड आणि झुडूप. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी झुडपापासून चाळीस पावलांवर चरायचे ठरवले. मग तीस झाले, मग वीस. सहाव्या दिवशी एक हरिणी त्याच्या फांद्यांना अंग घासत होती. ते पाडस तर झुडपाभोवती गोल गोल पळे.

आणि लहानू? तो रोज दुपारी, कळप पाण्याकडे गेला की, दबकत यायचा. मातीतले खुरांचे ठसे वाकून बघायचा आणि मिशीत हसायचा. ठसे रोज जवळ येत होते.

लहानू काही दुष्ट माणूस नव्हता हो. पण तोंडाने फुशारका होता. त्याची लेक नुकतीच सासरी गेली होती आणि जावई पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होता. लग्नात या लहानूने सगळ्यांसमोर सांगून टाकले होते, "पाव्हणं, आमच्याकडं या तर खरं! हरणाचं मटण खाऊ घालतो!" आता बोलून बसला होता. शब्द खाली पडला तर जावई काय म्हणेल, या एकाच काळजीने तो आठ दिवस झपाटला होता.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्याने तिरकमठा पुसून ठेवला आणि बायकोला सांगितले, "कौतिके, उद्या झुंजूमुंजू व्हायच्या आधी निघणार. तोंडावर येतील बघ, हात लांबवावा इतके."

कौतिका भाकरी थापत होती. ती म्हणाली, "थंडी बघितली का? माठातल्या पाण्याला हात लावता येत न्हाई. तिथं दोन घटका हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. आखडून जाल."

"आखडतोय कशाचा!"

"आखडतोय कशाचा म्हनं! दातानं सुतळी सोडवत होता सकाळी, मी बघितलं न्हाई व्हय? बोटं वळतात का तुमची थंडीत?" आणि तिने चुलीतले निखारे एका गाडग्यात भरले, वर राख पसरली आणि गाडगे त्याच्यासाठी कोपऱ्यात ठेवले. "हे पायांत घेऊन बसा. धूर न्हाई, उजेड न्हाई. हात शेकत ऱ्हावा."

लहानू घुटमळला. "माझ्या बापानं लपणात कधी इस्तू नेला न्हाई."

"मामंजींचे हात दगडाचे होते. तुमचे मला ठावं हायेत. जावा घिऊन गुमान."

लहानूने नेले. खरे सांगायचे तर त्याला बरेच वाटले. पहाटेच्या अंधारात तो लपणात शिरला, गाडगे दोन पायांत धरले, घोंगडी पांघरली. वारा त्याने हेरून ठेवला होता. तो कळपाकडून त्याच्याकडे येत होता, म्हणजे माणसाचा वास हरणांना लागायची भीती नव्हती. सगळे जसे बापाने शिकवले तसे. फक्त गाडगे तेवढे कौतिकेचे.

उजाडले. त्या दिवशी दहिवर असे पडले होते, की रानावर कुणी पीठ चाळून टाकले आहे असे वाटावे. कळप पट्टीच्या कडेला आला. म्होरक्या पुढे, त्याच्या मागे बाकीचे, आणि शेवटी संशयी हरिणी पाडसाला घेऊन. तिने आपल्या खोडीप्रमाणे पाहायला सुरुवात केली. वारूळ पांढरे. धोंडा पांढरा. खोड पांढरे. गवत पांढरे.

झुडूप काळे!

तिने पुन्हा पाहिले. झुडपाच्या पानांवर दहिवराचा कण नव्हता. सगळी पाने ओली होती आणि फांद्यांच्या टोकांवरून पाणी टपकत होते. कालपर्यंत ते झुडूपही बाकी रानासारखेच पांढरे असायचे. आज त्याच्या आत काहीतरी गरम होते.

तिने पुढचा पाय जमिनीवर जोरात आपटला. चितळांच्या भाषेत याचा अर्थ 'थांबा'.

"झालं हिचं सुरू," एक हरिणी म्हणाली.

"झुडपावर दहिवर नाही," संशयी हरिणी म्हणाली.

"मग?" म्होरक्याने मान वळवली. "दहिवर पडलं नाही म्हणून आम्ही इथे गारठून मरायचं?"

"सगळीकडे पडलंय. तिथंच पडलं नाही. आत कुणीतरी आहे."

वरून वानर जांभई देत ओरडला, "अगं बाई, मी आत डोकावून बघितलंय की! वर बसून नाचलोय!"

"कधी?"

"कधी म्हणजे... त्या दिवशी."

"आज बघितलंस का?"

वानराने शेपटी अंगाभोवती गुंडाळून घेतली. "आज फार थंडी आहे गं," तो पुटपुटला.

म्होरक्याने मान झटकली आणि तो पट्टीत शिरला. पाठोपाठ चार-पाच जण शिरले. आणि मुलांनो, नेमके तेव्हाच नको ते झाले. पाडसाला ऊन दिसले. ते बिचारे रात्रभर कुडकुडले होते. त्याला कुठले दहिवर आणि कुठले काय! आईच्या पायांतून निसटले आणि रोजच्यासारखे सरळ झुडपाकडे पळत सुटले.

मागच्या वर्षीचे वारूळ हरिणीच्या डोळ्यांपुढे आले. पळून जायला रान मागे मोकळे होते, पण ती पुढे धावली. पाडसाच्या आणि झुडपाच्या मध्ये आडवी शिरली आणि गळा फाटेल अशी ओरडली. चितळाची धोक्याची हाक तुम्ही ऐकली नसेल. ती ऐकून आख्खे रान दचकते.

लहानूने त्याच क्षणी बाण सोडला होता. नेम म्होरक्याच्या छातीचा होता. पण ती हाक ऐकून म्होरक्या अर्धे पाऊल मागे सरला, आणि त्या अर्ध्या पावलाने तो वाचला. बाण त्याच्या खांद्याची कातडी फाडून गेला आणि वारुळात रुतला. पुढच्याच क्षणी पट्टी रिकामी होती. हरिणीने पाडसाला डोक्याने ढकलत ढकलत झाडीत नेले होते.

लहानू तसाच बसून राहिला. असे झालेच कसे, हे त्याला कळेना. वारा बरोबर, लपण बरोबर, हरणांची नजर मेलेली! तेवढ्यात वरून त्याच्या मानेवर थंडगार थेंब पडला. मग दुसरा. त्याने वर पाहिले. तट्टा ठिबकत होता. तो बाहेर आला. सगळे रान पांढरेशुभ्र आणि त्यात त्याचे एकट्याचे लपण ओले काळे, लांबून ओळखावे असे! त्याने कपाळावर हात मारला. "कौतिके, काय केलंस गं हे!" आधी त्याला राग आला, आणि मग, खोटे कशाला सांगू, हसू आले. तिरकमठा उचलून तो घरी गेला. लपण काढून न्यायचेही त्याला सुचले नाही.

त्या दुपारी जावयाला कौतिकेने हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि गरम भाकरी वाढली. जावयाने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली. मटणाचे नाव कुणी काढले नाही.

इकडे कळपात काय झाले म्हणता? आता सगळे संशयी हरिणीला मान देऊ लागले. म्होरक्या खांद्याची जखम चाटत म्हणाला, "बाई, तुझ्यामुळे वाचलो. आता माझा हुकूम ऐका. त्या पट्टीकडे पुन्हा कुणी फिरकायचं नाही. ते झुडूप तिथे आहे तोवर नाही म्हणजे नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. साधी करवंदीची जाळी दिसली तरी आता सगळा कळप उधळे.

पण ऊन तर पट्टीतच पडत होते ना? एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाडसाचे कान हलेनासे झाले. पाचव्या सकाळी आईने चाटले तरी ते उठेना. डोळे अर्धे मिटलेले, अंग गार. हरिणी उठली आणि एकटीच पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिने पाहिले. वारूळ पांढरे. धोंडा पांढरा. खोड पांढरे. झुडूपही पांढरे. वारा झुडपाकडून येईल अशा बाजूला ती फिरून गेली आणि तिने वास घेतला. माणसाचा वास नव्हता. झुडपापुढच्या गवतावरचे दहिवर कुणी तुडवलेले नव्हते.

ती परत आली आणि म्हणाली, "चला. आज आत कुणी नाही."

"अगं, तूच तर म्हणाली होतीस ते झुडूप वाईट आहे!" म्होरक्या म्हणाला.

"मी झुडपाला वाईट म्हटलं नव्हतं. आज आत कुणीतरी आहे, एवढंच म्हटलं होतं. आता म्हणते, आज नाही."

"आणि असलं तर?"

"म्हणून तर बघून आले," ती म्हणाली.

कुणी हलले नाही. तिने कुणाला आग्रह केला नाही. पाडसाला नाकाने ढोसत, उठवत, पडले की पुन्हा उठवत ती पट्टीत घेऊन गेली. वारा बोचरा होता. झुडपाच्या पलीकडे मात्र वारा लागत नव्हता आणि ऊन थेट पडत होते. तिथे, अगदी तट्ट्याला टेकवून, तिने पाडसाला बसवले आणि स्वतः त्याच्या पुढ्यात उभी राहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग पाडसाचा एक कान हलला. मग दुसरा. मग त्याने मान वर केली आणि दूध मागितले. हरिणीने त्याचे कपाळ चाटले. तिचे अंग इतके दिवस ताठलेले होते, ते तेव्हा कुठे सैल झाले. झाडीतून बघणारा म्होरक्या खाली मान घालून पुढे आला, आणि त्याच्या मागून बाकीचे आले. वानर मात्र आधी खाली उतरला, झुडपात डोकावून आला आणि मगच झाडावर चढला.

दोन-तीन दिवसांनी लहानूला आपल्या लपणाची आठवण झाली. जावई गेला होता, तिरकमठा खुंटीला होता. नुसता तट्टा उचलून आणावा म्हणून तो सकाळीच निघाला. टेकाडावरून त्याने खाली पाहिले आणि तो तिथेच थांबला. त्याच्या तट्ट्याला पाठ लावून एक एवढेसे पाडस झोपले होते आणि त्याची आई समोर उभी राहून चारी दिशांना पाहत होती. मग लहानू आल्या पावली परत फिरला.

"तट्टा आणला न्हाई व्हय?" कौतिकेने दारातच विचारले.

"ऱ्हाऊ दे तिथंच. थंडी सरली की बघू."

"का बरं?"

"अगं, तुझ्या गाडग्यासारखा त्याचाबी कुणाला तरी उपेग होतोय," तो म्हणाला.

थंडी सरेपर्यंत ते लपण तिथे उभे होते, आणि पाडस त्याच्या आडोशाला वाढले. हरिणी मात्र रोज सकाळी कडेला थांबे, वारूळ, धोंडा, खोड, झुडूप, सगळे नीट पाही आणि मगच त्याला उन्हात सोडी. लहानूचे मन पालटले हे तिला काय ठाऊक? आणि ठाऊक असते, तरी तिने पाहिलेच असते. आता तिला संशयी कुणी म्हणत नसे. तिच्या शेजारी थांबून पाडसही आपल्या इवल्या मानेने वारुळाकडे बघायला शिकले होते.

तात्पर्य : एखादी गोष्ट रोज दिसते म्हणून बेसावध राहू नये, आणि एकदा घाबरलो म्हणून तिला कायमचे भिऊही नये, आज ती कशी आहे, हे आपल्या डोळ्यांनी रोज नव्याने पाहावे.